भुशाची दोन पोती आणि चार मिनिटांची चित्रफीत

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत फर्निचरचा धंदा करणारे, आरा मशीन चालविणारे आणि सुतारकाम करणारे आपले बांधव बरेच आहेत. आमचा धंदा कापडाचा. परंतु सोफ्याचे कापड, रेक्झिन आणि गादीपाट आम्ही याच कारीगरांना विकतो, म्हणून त्यांच्या दुकानांत आमचे नेहमीचे जाणेयेणे असते. या दुकानांत एक जिन्नस असा आहे की ज्याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडत नाही. तो म्हणजे लाकडाचा भुसा, ढलप्या आणि तुकडे. संध्याकाळी हाताखालचा पोरगा झाडू मारतो, कोपऱ्यात ढीग होतो. पुढे तो ढीग दुकानामागे जाळला जातो, नाहीतर नालीत जातो, आणि कोणी पोते घेऊन मागायला आलाच तर चहाच्या पैशात उचलून दिला जातो.

मागील वर्षापासून नांदेडचे दोन फर्निचरवाले, लातूरचे एक आरा मशीनवाले, पुण्यात ॲनिमेशन शिकून आलेला एक तरुण आणि आम्ही, असे पाच जण मिळून याच जिनसावर चार मिनिटांची कार्टून चित्रफीत तयार करीत आहोत. कापडवाल्याने लाकडाच्या भानगडीत का पडावे, असे आम्हास अनेकांनी विचारले. कारण अगदी सरळ आहे. कारीगराच्या हाती चार पैसे जास्त आले तर तो आमची उधारी वेळेवर चुकवितो.

आधी लाकडाचे पाहू. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे. लातूरची गोष्ट वेगळी. या जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब सोडले तर बाकी लाकूड बाहेरूनच येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्याची छायाचित्रे देशभर छापून आली. लाकूड तर बारा महिने बाहेरून येते, त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. गोल लाकूड आरा मशीनवर चढले की त्यातले निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक फळीत उतरते. उरलेले साल, कडेचे तुकडे आणि भुसा होऊन खाली पडते. ट्रकचे भाडे मात्र सगळ्याचे भरलेले असते. म्हणजे जो माल आपण पैसे मोजून आणला, त्यातला मोठा हिस्सा आपण स्वतःच्या हाताने नालीत टाकतो.

लातूरकरांना जुन्या लाकडाची किंमत शिकविण्याची खरे तर गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या भागातील घरे म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्यांचे माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. भिंती कोसळल्या, परंतु अनेक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. पुढे गावे नव्या जागी वसली तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेले खांब, तुळया आणि चौकटी पुन्हा वापरात आल्या. कोणाच्या गोठ्याला लागल्या, कोणाच्या नव्या दाराला लागल्या. जुना साग वाळून इतका बसलेला असतो की तो वाकडा होत नाही, हे कोणत्याही सुताराला विचारा. आमच्या चित्रफितीतील पहिले दृश्य याच जुन्या तुळईचे आहे. तिच्यातून एक चौकट निघते, चौकटीतून उरलेल्या तुकड्यांचा पोळपाट होतो, आणि शेवटी जो भुसा उरतो तेथून खरी गोष्ट सुरू होते.

भुशाचा उपयोग आपल्या वाडवडिलांना चांगला ठाऊक होता. भुशाची शेगडी अनेकांनी घरात पाहिली असेल. पत्र्याचा डबा, खाली बाजूस एक भोक. त्या भोकातून एक दांडा आडवा घालायचा, मध्ये एक बाटली उभी ठेवायची आणि भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली आणि दांडा अलगद काढून घ्यायचे. मधल्या पोकळीतून हवा खेळते आणि एकदा पेटविलेली शेगडी काही तास संथ जळत राहते. अंघोळीचे पाणी तापायचे, डाळ शिजायची. गॅस आला आणि ही शेगडी मागे पडली. त्याबरोबर भुशाला घरात असलेले गिऱ्हाईकही गेले.

आज कोणी म्हणेल, मग शेगड्या पुन्हा सुरू करा. येथेच अडचण आहे, आणि याच अडचणीसाठी चित्रफीत काढावी लागली. त्या काळचा भुसा हा नुसत्या लाकडाचा होता. आजच्या दुकानातील भुसा तसा नाही. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांचे थर आणि कण चिकटविण्यासाठी फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ वापरतात. वरून सनमायका, पॉलिश, लॅकर. या सर्वांचा भुसा सागाच्या आणि बाभळीच्या भुशात मिसळला की तो घरच्या चुलीत घालण्याच्या लायकीचा राहत नाही. त्याच्या धुराने डोळे आणि घसा जळतो. कोंबड्यांच्या शेडवाल्याला तो चालत नाही, खत करणाऱ्याला चालत नाही, आणि कांडी कोळसा बनविणारा जाणकार व्यापारी पोत्यात हात घालून, वास घेऊन पोते परत करतो. दोन ओंजळी एमडीएफची पिठूळ धूळ पूर्ण पोत्याचा भाव पाडते.

म्हणून आमच्या चित्रफितीचा सारा मजकूर एका वाक्यात मावतो. दुकानात पोती दोन ठेवा. एकात नुसत्या लाकडाचा भुसा, दुसऱ्यात प्लाय आणि बोर्डाचा. एवढेच. बाकी जे आहे ते हे दोन पोत्यांचे गणित पटवून देण्यासाठी आहे. पहिल्या पोत्याला गिऱ्हाईक आहे. दुसरे पोते कोठे द्यायचे हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. मोठ्या, चांगल्या तापमानाच्या भट्टीखेरीज ते जाळू नये, आणि अशी भट्टी प्रत्येक गावात नाही. आम्ही चित्रफितीत तसे स्पष्ट म्हटले आहे. सगळ्या कचऱ्याचे सोने होते असे सांगणाऱ्या चित्रफिती आम्ही पाहिल्या आहेत. कारीगर त्या पाहून हसतो आणि त्यातले खरेही मग ऐकत नाही.

पहिल्या पोत्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कांडी कोळसा, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. भुसा वाळवून त्यातला ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या आत आणतात आणि दाबयंत्रात घालतात. दाब आणि उष्णता यांमुळे लाकडातील लिग्निन नावाचा पदार्थ मऊ होतो आणि तोच डिंकाचे काम करतो. बाहेरून काही चिकटवावे लागत नाही. सुटा भुसा म्हणजे निम्म्याहून अधिक हवाच. ट्रकभर भुसा नेणारा हवेचे भाडे भरतो. तोच भुसा दाबला की पाचपटीच्या आसपास कमी जागेत मावतो. शिवाय लाकडाच्या भुशाची राख टक्का-दीड टक्का पडते. भाताच्या तुसाची राख वीस टक्क्यांच्या आसपास, आणि आपल्याकडील दगडी कोळशाची तर तीस-चाळीस टक्क्यांपर्यंतही जाते. बॉयलरवाल्याला राख उपसण्याची मजुरी लागत असल्याने तो हा फरक पैशात मोजतो.

आमच्या कापडाच्या धंद्यात हे गिऱ्हाईक आम्ही जवळून पाहिले आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला कांजी लावतात. ते सायझिंग करताना सूत वाफेच्या सिलिंडरवर वाळवावे लागते. वाफेला बॉयलर आणि बॉयलरला जळण. पण नांदेडहून मालेगावपर्यंत माल नेणे परवडत नाही. आपल्या जवळच लातूर-नांदेड पट्ट्यात सोयाबीनचे तेल काढणारे सॉल्व्हंट कारखाने आहेत, त्यांनाही वाफ लागते. विचारपूस तेथे करावी. एकट्या सुताराने दाबयंत्र घ्यावे असे आम्ही कोणास सांगत नाही. त्याला वीज लागते, रोज पुरेसा माल लागतो आणि झिजणारे भाग वरचेवर बदलावे लागतात. कर्ज काढून घेतलेले यंत्र भुशाअभावी उभे राहिले तर हप्ता थांबत नाही. सुताराचा माल म्हणजे कोरडा, निवडलेला भुसा, आणि दहा-पंधरा दुकानांनी तो एकत्र तोलला तरच समोरचा व्यापारी टेम्पो पाठवितो. आम्ही एका मध्यम दुकानातील पोते तोलून पाहिले. सैल भरलेले एक पोते बावीस किलोचे भरले. एका दुकानाच्या चार पोत्यांसाठी कोणी गाडी वळवीत नाही.

पोल्ट्रीवाले शेडमध्ये अंथरण्यासाठी स्वच्छ भुसा घेतात. शेतकरी मात्र कधी कधी कच्चा भुसा सरळ रानात टाकतात, मग पीक पिवळे पडते. भुशात कार्बन फार आणि नत्र फार थोडे असते. तो कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेतो. शेणात मिसळून, ओला करून, काही महिने कुजवूनच तो वापरावा. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसविली. २००२ मध्ये तिला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. लातूरसारख्या उसाच्या पट्ट्यात ती पाहण्यासारखी आहे. जे पाचट शेतात पेटवून दिले जायचे, त्याचे जळण झाले.

आता पोरांच्या छातीविषयी. हा भाग चित्रफितीत घालण्यास आमच्यातील एका फर्निचरवाल्याचा आधी विरोध होता. ते म्हणत, लोक घाबरतील. परंतु फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ ही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग लाकडी फर्निचरच्या कामगारांत आढळतो. पुढे फॉर्मल्डिहाइडही त्याच यादीत गेले. धूळ जितकी बारीक तितकी ती आत खोल जाते. रंध्याच्या छिलक्या निरुपद्रवी वाटतात, त्या जमिनीवर पडतात. पण घासकागदाची आणि सँडर मशीनची धूळ हवेत तरंगते. आपल्याकडे पोरगा तोंडाला रुमाल बांधतो. आमच्याच दुकानातील मलमलीचा तुकडा बांधतो. मलमल डास अडवील, ही धूळ अडवीत नाही. बंद खोलीत उडालेली बारीक धूळ ठिणगीने भडकतेही. शेवटी तो फर्निचरवाला स्वतःच म्हणाला, माझा लेक सँडर चालवतो, घाला ते दृश्य. आता चित्रफितीत तीस सेकंद त्यासाठी आहेत. कोरडा झाडू मारण्याऐवजी जमिनीवर पाणी शिंपडून झाडणे, मशीनला धूळ ओढणारी पिशवी लावणे, बरा मास्क वापरणे, एवढेच दाखविले आहे.

कार्टूनच का, साधा व्हिडिओ का नाही, हा प्रश्न आम्ही ॲनिमेशनवाल्या तरुणाला पहिल्याच दिवशी विचारला. त्याचे उत्तर आम्हास पटले. कॅमेरा लाकडाच्या आत जाऊ शकत नाही. भुसा कुजताना नत्र कसे ओढतो, दाबाखाली लिग्निन कसे मऊ होते, धुळीचा कण नाकातून कोठवर जातो, हे हातानेच काढून दाखवावे लागते. दुसरे असे की खऱ्या दुकानाचे चित्रीकरण केले की पाहणारा म्हणतो, हे तर अमक्याचे दुकान, त्याचे काय ऐकायचे.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच ‘आगकाड्यांची मौज’ हा हलत्या आगकाड्यांचा छोटा चित्रपट काढला होता. काडी म्हणजे लाकूडच, म्हणजे आमच्या विषयाची सुरुवात दादासाहेबांपासून धरण्यास हरकत नाही. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा कार्टूनपट दूरदर्शनवर आमच्या पिढीने असंख्य वेळा पाहिला. तो विजया मुळे यांनी केला आणि चित्रांचे काम भीमसेन यांचे होते. अवघ्या सात मिनिटांत जी गोष्ट त्यांनी मुलांच्या डोक्यात बसविली, ती भाषणांनी बसली नसती. पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या छोट्या छोट्या चित्रफिती काढल्या. त्या कार्टून नव्हेत, पण त्यांची रीत घेण्यासारखी आहे. हात दिसतात, वस्तू दिसते, आवाज प्रत्येक भाषेत वेगळा, आणि पाहणाऱ्याला एक पैसा पडत नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘सायंटिफिक ॲनिमेशन्स विदाउट बॉर्डर्स’ या नावाने हेच काम कार्टूनमधून झाले. शेती आणि आरोग्याची एकच चित्रफीत काढायची, तिला निरनिराळ्या देशांच्या भाषांचे आवाज द्यायचे आणि साध्या मोबाइलवर चालेल इतकी लहान करायची.

आमच्याकडेही भाषेचाच पेच मोठा होता. नांदेडचा कारीगर घरी उर्दू बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू चालते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवटच्या तांड्यांवर गोरमाटी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, म्हणून उर्दू मजकूर आमच्याकडे आला. पहिल्याच ओळीत अडलो. पुस्तकी उर्दूत भुशाला ‘बुरादा’ म्हणतात. नांदेडच्या सुतारांना तो शब्द परका वाटला, ते ‘लकडी का भूसा’ म्हणतात. मराठीत नुसता भुसा म्हटला की शेतकऱ्याला गव्हाचा भुसा आठवतो. शेवटी दोन्हीकडे ‘लाकडाचा’ हा शब्द दर वेळी जोडायचा असे ठरले. चित्रात एकही अक्षर लिहायचे नाही हेही ठरले, कारण अक्षर आले की लिपी आली आणि लिपी आली की अर्धे प्रेक्षक गेले. पोत्यांवर लेबलाऐवजी रंग आहेत. लाकडाचे पोते हिरव्या दोरीचे, बोर्डाचे लाल दोरीचे.

चित्रे काढण्याचे काम किती चिकाटीचे आहे हे आम्हास जवळून कळले. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर चार मिनिटांच्या ५७६० होतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी २८८० उरतात. आता संगणकामुळे प्रत्येक चित्र नव्याने काढावे लागत नाही, हात-पाय-मान सुटे करून बाहुलीप्रमाणे हलवितात. आम्हास जकार्ड मागाची आठवण झाली. एकेका पत्त्यावर नुसती भोके दिसतात, सारे पत्ते फिरले की कापडावर वेल उमटते.

पहिली चित्रे आली तेव्हा लातूरच्या आरा मशीनवाल्यांनी ती पाहून सरळ बाजूला सारली. चित्रातला सुतार उंच टेबलापाशी उभा राहून काम करीत होता. आपला सुतार उकिडवा बसतो आणि लाकूड पायाच्या पंजाने दाबून धरतो. रंधाही उलटा धरलेला होता, छिलक्या मागून निघत होत्या. तरुणाने विलायती चित्रे समोर ठेवून काढले होते. मग तो तीन दिवस नांदेडच्या दुकानात बसला. पटाशी, गिरमिट, वाकस हातात घेऊन पाहिले, वाकसने पायाचे नख थोडक्यात वाचले. त्यानंतरची चित्रे पाहून कारीगर म्हणाले, हा आपला माणूस आहे. आमचे मत असे की, ज्याच्या धंद्यावर चित्रफीत आहे त्याला चित्रे पाहण्याचा आणि नाकारण्याचा हक्क पहिल्या दिवशीच द्यावा. शेवटी दाखविले तर तो भिडेखातर मान हलवितो.

दुसरे, कागद करा. मित्रांमध्ये लिहून कशाला, ही सवय आपल्या धंद्यात फार आहे आणि ती महाग पडते. मागे आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने दुकानाची जाहिरात एका स्टुडिओकडून करवून घेतली. वर्षभराने दुकानाचा पत्ता बदलला, पण मूळ फाइल स्टुडिओने दिली नाही, आणि सारी जाहिरात नव्याने करावी लागली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा निर्माता, म्हणजे तो करविण्याची जबाबदारी घेणारा, हाच त्याचा पहिला मालक धरला जातो आणि हा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. पण पाच जणांनी मिळून काम केले तर निर्माता कोण? ते लिहूनच ठेवावे लागते. आम्ही दोन पानांचा कागद केला. चित्रफितीचे मालक पाचही जण, पैसे लावणारे आणि मेहनत लावणारे समान. तरुणाची मजुरी वेगळी, तीन हप्त्यांत. मूळ फाइल, तसेच चित्र, आवाज आणि संगीत हे सुटे सुटे दोघांकडे राहतील, म्हणजे उद्या नवी भाषा घालायची तर कोणाच्या पाया पडावे लागणार नाही. कोणीही ती फुकट दाखवावी. पण कोणी तिच्यावर स्वतःच्या मालाची जाहिरात चिकटविली तर पाचांची संमती हवी.

एका मुद्द्यावर अजून एकमत नाही. शेवटच्या दृश्यात तराजू दाखवावा आणि भुशाच्या पोत्याचा भाव सांगावा असे लातूरचे भागीदार म्हणतात. तरुण म्हणतो, भाव बदलतो, चित्रफीत सहा महिन्यांत जुनी होईल. आम्ही दोघांच्या मध्ये आहोत. तराजू राहील, आकडा आवाजात जाईल, आणि आवाज बदलणे स्वस्त आहे.

उर्दू आणि मराठी आवाज भरून झाले आहेत. कन्नडसाठी उदगीरचे एक जुने सुतार तयार झाले आहेत, त्यांचा आवाज खर्जातला आहे आणि ते मधेच खोकतात. तो खोकला ठेवावा, असा तरुणाचा आग्रह आहे. तेलुगू बोलणारा कारीगर अद्याप मिळालेला नाही. देगलूर, बिलोलीकडे आरा मशीनवर काम करणारा, वाचता न आले तरी चालेल पण रंधा आणि पटाशीची नावे तेलुगूत बिनचूक सांगेल असा कोणी वाचकांच्या माहितीत असल्यास संपादकांकडे कळवावे. जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी कागदात धरलेली आहे.